गाळणीतला चीन

हिरेमठ मॅडम चहा पीत नसत. दुसऱ्या एखाद्या गावात हे वाक्य इथंच संपलं असतं. कोल्हापुरात ते संपत नाही. इथं 'मी चहा घेत नाही' म्हटलं, की समोरचा आधी तुमच्या तोंडाकडं बघतो आणि मग काळजीनं विचारतो, "उपास हाय काय?" उपास नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न शुगरचा. शुगरही बरी आहे म्हटल्यावर मात्र तो दुखावतो. म्हणजे आमच्यातलाच चहा घ्यायचा न्हाय, असं म्हणा की!

मॅडमनी यावर स्वतःचा एक मार्ग काढला होता. स्टाफरूममध्ये कप पुढं आला की त्या तो दोन्ही हातांनी घ्यायच्या, नाकापर्यंत न्यायच्या, आत डोकावून बघायच्या आणि शेजारच्याच्या हातात द्यायच्या. "मी चहा पीत नाही हो, देसाई सर. मी नुसता बघते." शेजारचा देसाई म्हणजे मी. सतरा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसलो आणि सतरा वर्षं दुप्पट चहा प्यालो. माझं पित्त ही त्यांनी मला दिलेली कायमची भेट आहे.

मी भूगोल शिकवतो. आमच्या कॉलेजात भूगोलाची खोली आणि वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा यांच्यामध्ये एकच भिंत आहे, आणि ती कंत्राटदारानं इतक्या हलक्या हातानं बांधलेली आहे, की पलीकडं काच फुटली तर किती तुकडे झाले ते अलीकडून मोजता येतं. त्यामुळं मी फळ्यावर सह्याद्री काढत असताना मागून अखंड बॉटनी ऐकू यायची. "तम्मा, दोन्ही डोळे उघडे ठेव! एक डोळा मिटून बघायला तू काय बंदूक मारतोयस?" किंवा, "तंगी, आधी लो पॉवर! लो पॉवर!" आणि पाठोपाठ एक बारीकसं 'कट्'. म्हणजे कुणीतरी थेट मोठ्या भिंगाला हात घातला, भिंग खाली आलं आणि काचपट्टी गेली.

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, तंगी म्हणजे धाकटी बहीण. मॅडम नेसरीकडच्या. घरात कानडी, दारात मराठी. आनंद झाला की मराठीतून बोलायच्या, राग आला की तम्माचा आवाज चढायचा आणि राग फारच आला तर संपूर्ण कानडीत जायच्या. मग मुलं निर्धास्त व्हायची, कारण काय बोलतायत ते कुणालाच कळायचं नाही.

दिसायला पाच फुटांच्या आत. इरकली साडी, अंबाड्यात पेन्सिल. गळ्यात दोन गोष्टी: चांदीच्या करड्यातलं, म्हणजे डबीतलं, इष्टलिंग आणि काळ्या दोऱ्यातलं भिंग. दोन्ही त्या दिवसातून एकदा बाहेर काढून, नीट पुसून परत घालायच्या. पहिलं सकाळी घरी, दुसरं अकराच्या तासाआधी, पदराच्या आतल्या बाजूनं.

ते भिंग घेऊन त्या कपिलतीर्थ मार्केटात भाजीला जायच्या. एकदा मी बरोबर होतो. मेथीची जुडी उचलली, एक देठ मोडला, भिंग डोळ्याला लावलं आणि मोडलेलं टोक उजेडात धरून बाई उभ्या. मागं गिऱ्हाईक खोळंबलं. भाजीवाली म्हणाली, "बाई, मेथी खायाची हाय का तिचं लगीन जुळवायचं हाय?"

"दोन्हीला आधी बघावंच लागतं," मॅडम म्हणाल्या आणि मोडलेल्या देठासकट जुडी पिशवीत टाकली. मोडलं ते आपलं, असा त्यांचा नियम होता.

दुसरा नियम पातळपणाचा. पानाचा छेद घ्यायचा तर बटाट्याला चीर पाडायची, चिरेत पान उभं धरायचं आणि दाढीच्या ब्लेडनं बटाट्यासकट कापत जायचं. मुलांचे छेद म्हणजे भज्यांना चिरलेले काप. मॅडम एक घ्यायच्या आणि पाण्यात सोडायच्या. "दिसतोय?" "दिसतोय मॅडम." "मग जाड आहे. पाण्यात सोडल्यावर शोधावा लागतो तो छेद!" त्यांचा स्वतःचा छेद शोधायला अकरा पोरं काचेच्या वाटीभोवती डोकी एकत्र आणून उभी राहायची.

'आधी लो पॉवर' हा मंत्र तर त्या जगाला लावायच्या. एकदा परीक्षेच्या कामावरून माझं आणि केमिस्ट्रीच्या सरांचं इतकं वाजलं, की मी राजीनामा लिहायला बसलो. मॅडमनी कागद उचलला, भिंगातून वाचला (हा नाटकीपणा त्यांच्याकडं होता, मी तिथूनच तो उचलला) आणि म्हणाल्या, "देसाई सर, तुम्ही एकदम हाय पॉवरला गेलाय. एकच पेशी दिसतेय तुम्हाला. जरा मागं या, अख्खं पान बघा." मी मागं आलो. पान तसं बरं होतं. केमिस्ट्रीवाले अजून माझे मित्र आहेत.

आता चहा.

मॅडमचा एक जुना विद्यार्थी, सुहास. बॉटनीत पदवी घेऊन पुढं काय करावं, तर त्यानं फाउंड्री टाकली. कोल्हापुरात हे नैसर्गिक मानलं जातं. यंत्रं आणायला तो चीनला जायचा. एका खेपेला परत येताना त्यानं मॅडमना पाच छोटे डबे आणले.

"मॅडम, लई भारी चहा हाय. पाच प्रकारचा. पिऊन बघा."

"बघते," मॅडम म्हणाल्या. त्या बिचाऱ्याला पुढचा अर्थ ठाऊक असायला हवा होता.

त्यानंतर महिनाभर भिंतीपलीकडून नुसते उद्गार. "अय्यय्यो!" मग शांतता. मग, "ये की गं, ये, जरा सरक!" हे पानाच्या तुकड्याला. शेवटी माझ्या चालू तासात दार उघडून त्या म्हणाल्या, "देसाई सर, तुमचा चीन नकाशावरचा राहू दे. इकडं या."

पाच सूक्ष्मदर्शक ओळीनं मांडले होते. मी पहिल्याला डोळा लावला आणि मला एक काळंभोर जंगल दिसलं. मी म्हणालो, "वा! काय दाट आहे हो!"

"त्या तुमच्या पापण्या आहेत. चष्मा काढा आणि थोडं मागं या."

मागं आल्यावर दिसला पांढरा चहा. निव्वळ न उमललेल्या कळ्या, आणि कळीवर केसच केस. लांब, रुपेरी, एका बाजूला विंचरलेले. नव्या घोंगड्यावर उन्हात हात फिरवावा तसं वाटलं. दुसरा हिरवा. त्याच्या पेशी जागच्या जागी, एकीला एक लागून, आत अजून हिरवा रंग, उसाच्या सरीसारखी शिस्त. तिसरा उलाँग. त्याचा पानभर हिरवेपणा आणि कडेला तांबूस पट्टा, थेट मॅडमच्या इरकलीचा काठ. चौथा, ज्याला आपण काळा म्हणतो आणि चिनी लोक तांबडा म्हणतात. त्यात पेशींच्या भिंती फुटलेल्या, रस सगळीकडं पसरून वाळलेला, जणू मळणी झालेलं खळं. आणि पाचवा पुएर. वर्षानुवर्षं मुरवलेला. त्याच्या पानावर बारीक धागे पसरलेले आणि मधेमधे गोल दाणे.

"ही कसली जाळी?" मी विचारलं.

"बुरशी."

"म्हणजे खराब झाला?"

"नाही हो, तोच तर त्याचा मान. पावसाळ्यात माळ्यावर ठेवलेली आपली चप्पल बघितली नाहीत कधी? फरक एवढाच, की तिला आपण पुसतो आणि हे लोक उकळतात." मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आणि गंमत सांगू? पाचही एकाच झाडाचे. झाड एकच. माणसांनी कुणाला जपलं, कुणाला मळलं, कुणाला नुसतं पडू दिलं, एवढाच फरक."

त्याच आठवड्यात नोटीस आली. बॉटनीला मुलं नाहीत. दुसऱ्या वर्षाला मोजून अकरा. प्रयोगशाळा उन्हाळ्यात बंद करून तिथं स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका करायची. सूक्ष्मदर्शक अडगळीत. अकरा मुलांनी तिसऱ्या वर्षाला विषय बदलावा किंवा कॉलेज.

त्यातल्या सात मुली होत्या. बहुतेक एसटीनं येणाऱ्या. दुसरं कॉलेज म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणखी एक बस. त्यातल्या निम्म्या घरीच बसतील, हे मॅडमना कुणी सांगायची गरज नव्हती. स्वतःच्या नोकरीचं त्यांना काही नव्हतं. त्यांची निवृत्ती पुढच्याच वर्षी होती. त्यांना फक्त हे एक वर्ष हवं होतं, या अकरांसाठी.

संस्थेचे सेक्रेटरी तात्यासाहेब. मुरगूडकडचे बागायतदार, मिशा भरघोस, आवाज त्याहून भरघोस. मॅडम त्यांच्याकडं गेल्या तेव्हा साक्षीदार म्हणून मला घेऊन गेल्या.

"बाई, मीबी सायन्सला एक वरीस गेलतो," तात्यासाहेब म्हणाले. "तुमच्या त्या यंत्रातनं कांद्याचा पापुद्रा बगितलाय. माझ्या पोरानंबी त्योच बगितला. नातूबी त्योच बगणार. आमच्या रोजच्या जगण्यातलं कायतरी दिसतंय का त्यात? दाखवा. दिसलं तर ठेवतो खोली."

"शनिवारी या," मॅडम म्हणाल्या. "रोजच्या जगण्यातलंच दाखवते."

शनिवारची तयारी बघण्यासारखी होती. चहाचा बहुतेक साठा महिनाभराच्या कापाकापीत संपला होता. प्रत्येकातला चमचाभर उरला होता. तो पाच काचेच्या वाट्यांत, खाली आकडा लिहिलेल्या चिठ्ठ्या, शेजारी स्वच्छ पट्ट्या. ताजे छेद पाहुण्यांसमोरच घ्यायचे असं ठरलं होतं. मॅडम मुलींना घेऊन तात्यासाहेबांना आणायला फाटकाशी गेल्या. मी माझ्या खोलीत.

आता पडदा वर जातो आणि रंगमंचावर येतात आक्काताई.

आक्काताई आमच्या शिपाई. कोडोलीच्या. पाहुणा आला आणि त्याला चहा मिळाला नाही, तर तो डाग सात पिढ्या जात नाही, असं मानणाऱ्या. प्रयोगशाळेत त्या टेबल पुसायला आल्या. बघतात तर काय, परदेशातला भारीतला चहा काचेच्या वाट्यांत उघडा पडलेला, आणि पाहुण्यांसाठी खाली कँटीनची भुकटी उकळतेय! त्यांनी एका क्षणात निर्णय घेतला.

दहा मिनिटांनी तात्यासाहेब, प्राचार्य, मॅडम आणि मुलं आत आली. मागोमाग मीही घुसलो. टेबलावर पाच वाट्या, धुऊन पालथ्या घातलेल्या. आणि दारातून ट्रे घेऊन आक्काताई, चेहऱ्यावर विजय.

मॅडमनी वाट्यांकडं बघितलं, मग ट्रेकडं. "आक्काताई, वाटीतलं काय केलंस?"

"चहा केला की! पावण्यास्नी चांगला चहा द्यायचा सोडून वाळत घातलायसा व्हय? म्हशीचं दूध घातलंय, आलं घातलंय, साखर दाबून घातलीया."

"पाचही?"

"पाचीबी. उगं कुणाला कमी कुणाला जास्ती नगं."

मुलींतली एक रडायलाच लागली. मी भिंतीकडं बघू लागलो. हसूही येत होतं आणि त्या मुलीकडं बघवतही नव्हतं. असं एकदम दोन्ही होणं फार वाईट. अकरा पोरांचं वर्ष बारा कपांत विरघळलं होतं. प्राचार्यांना काहीच कळलं नव्हतं, ते बिस्किटाकडं बघत होते. तात्यासाहेबांनी मात्र बशीत ओतून एक जोरदार घोट घेतला. त्यांच्या मिशा थांबल्या.

"ह्यो चहा हाय का काढा? धुराचाबी वास येतोय, मातीचाबी येतोय. पर..." दुसरा घोट. "वाईट न्हाय. कडक हाय."

मॅडम कानडीत गेल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "चोथा टाकलास?"

"त्यो कशाला टाकू? गुलाबाला घालाय ठेवलाय."

"आण."

पांढऱ्या ट्रेमध्ये चोथा उपडा झाला. दुधाळ, आल्याच्या रेषांनी भरलेला, वाफाळता. मॅडमनी त्यावर दोनदा गरम पाणी फिरवलं, अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि पहिल्या तुकड्याला हळूच टोचलं. आणि त्यांचा चेहरा बदलला. मी तो बदल बघितला आहे. हरवलेली किल्ली स्वतःच्याच कमरेला सापडावी तसा.

"अय्यय्यो," त्या पुटपुटल्या, "पानं उलगडली की सगळी!" मग एकदम मोठ्यानं, "तम्मा, चिमटे आण! तंगी, डोळे पूस, बटाटा काप! साहेब, चीनचा चहा दाखवणार होते. आता तुम्ही आत्ता काय प्यालात ते दाखवते."

तात्यासाहेबांची बशी खाली आली.

अकरा मुलं ट्रेभोवती वाकली. केसाळ फुगलेल्या कळ्या एका बाजूला, अख्खी हिरवट पानं दुसऱ्या, तांबड्या काठाची तिसऱ्या. काळी पिळदार चौथ्या वाटीत, आणि उरलेला जाड, मातकट चुरा पाचव्या. चूक झाली की कुणीतरी ओरडायचं, "ए, ही कळी नव्हे, आलं हाय!" पाच मिनिटांत गाळणीतून आलेला चीन पुन्हा पाच प्रांतांत विभागला गेला. मॅडम ब्लेड चालवत होत्या. उकळल्यामुळं पान इतकं मऊ झालं होतं, की छेद पाण्यात पडले आणि दिसेनासे झाले.

तात्यासाहेब पहिल्या सूक्ष्मदर्शकावर बसले. "काळं काळं दिसतंय."

"पापण्या," मी माहीतगारासारखं म्हणालो.

ते मागं सरकले. मग मिशा हातानं बाजूला धरून पुन्हा वाकले. मॅडमनी टेबलावरची घंटा वाजवली. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत एका यंत्रावरून दुसऱ्यावर सरकायला वाजवतात ती.

"ह्ये काय?"

"वेळ संपली. पुढं सरका."

ज्या माणसासमोर अख्खी संस्था उठून उभी राहते, तो माणूस उठला आणि मुकाट पुढच्या स्टुलावर गेला. आक्काताईंनी तोंडाला पदर लावला.

पाचव्यावर गडबड झाली. "ही जाळी कसली?"

"बुरशी."

"म्हंजे मी बुरशी प्यालो?" तात्यासाहेब अर्धे उठले. प्राचार्यांनी कप लांब सरकवला.

"बसा. सकाळी दही खाल्लंत?"

"खाल्लं."

"आंबोळी?"

"तीबी खाल्ली."

"ते काय देवानं आंबवलं? बसा, आणि बुरशीच्या बाजूला बघा. दगड दिसतायत?"

तात्यासाहेब पुन्हा वाकले. पुएर मोठ्या, जून पानांचा. त्याच्या मधल्या शिरेपाशी दगडासारख्या कठीण, जाड भिंतींच्या पेशी असतात. आजूबाजूच्या मऊ पेशींत हातपाय पसरून बसलेल्या, चमकणाऱ्या, फांद्या फुटलेल्या चांदण्यांसारख्या.

"दिसलं. लई झ्याक हाय की ओ! ह्ये पहिल्या कळीत नव्हतं."

"कळीत शोधूनही सापडत नाही. पान जून झाल्यावर येतात."

"कशापायी?"

"पान मुडपू नये म्हणून. कडेला कितीही वाळलं, तरी मधे उभं राहावं म्हणून."

तात्यासाहेब बघतच राहिले. घंटा वाजवायची वेळ झाली होती. मॅडमनी वाजवली नाही. मग तात्यासाहेबांनी खिशातून मोबाईल काढला, नळीला लावून फोटो घ्यायचा प्रयत्न केला, तीनदा काळा आला. रडलेल्या मुलीनं त्यांचा हात धरून मोबाईल नेमका कुठं धरायचा ते दाखवलं. चौथ्यांदा जमला. आठवडाभर त्यांच्या स्टेटसला ती चांदणी होती आणि खाली लिहिलं होतं, 'आजचा चहा'.

जाताना दारात थांबून म्हणाले, "अकरा हायत न्हवं? हुंद्या त्यांचं पुरं. एक वरीस."

"आणि मग?"

"मग खोली माझी, बाई. खोटं कशाला बोलू."

"चालेल," मॅडम म्हणाल्या. सौदा झाला. पाहुणे गेल्यावर आक्काताई कोपऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, चुकलं माझं."

"गप ग. महिनाभर कोरड्या पानाशी झगडत होते. उकळून बघायचं मला सुचलं नाही, तुला सुचलं. प्रॅक्टिकलच्या वहीत तुझं नाव लिहिणार आहे." आणि लिहिलं. पान मऊ करण्याची पद्धत: म्हशीचं दूध, आलं, साखर. सौजन्य: आक्काताई. बाहेरच्या परीक्षकानं त्यावर लाल पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं, एवढंच.

ते एक वर्ष मॅडमनी असं शिकवलं, की भिंतीपलीकडून ऐकताना माझी मुलं सह्याद्री सोडून बॉटनीची टिपणं काढायची. मे महिन्यात त्या निवृत्त झाल्या आणि नेसरीला भावाकडं गेल्या. फोन होतो. फोनवर त्या विचारतात, "काय बघताय सध्या?" कसे आहात असं कधी विचारत नाहीत.

पण माझ्या डोळ्यांपुढं त्या येतात त्या शेवटच्या प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशीच्या. दुपारचे चार. दहा मुलं वह्या देऊन बाहेर गेली होती. अभ्यासिकेची नवी बाकं दोन दिवस आधीच येऊन पडली होती, आणि परीक्षा संपली असं समजून चार माणसं ती खांद्यावर घेऊन व्हरांड्यातून आली. दारात मॅडम उभ्या होत्या. पाच फुटांच्या आतल्या बाई, दोन्ही हात ताणून चौकटीच्या दोन्ही बाजूंना टेकवलेले. हात जेमतेम पुरत होते.

"बाई, सरका की. वझं हाय."

"माझी एक मुलगी लिहितेय अजून."

"किती येळ?"

"तिचं होईपर्यंत."

माणसांनी एकमेकांकडं बघितलं, खांद्यावरची बाकं व्हरांड्यात खाली ठेवली आणि त्यांच्यावरच ओळीनं बसली. मी माझा तास घ्यायला गेलो. पाऊण तासानं बाहेर आलो, तेव्हा त्यातल्या दोघांना झोप लागली होती, आणि मॅडमनी हात अजून खाली घेतले नव्हते.